मेणाचा दिवस

घाटावर थंडी आधी पोहोचते. घाटाखालचे लोक अजून उघड्या अंगाने अंगणात झोपत असतात, तेव्हा आमच्या अमडापूरकडच्या गावांत गोधड्या बाहेर निघालेल्या असतात. माणसाचं काय, गोधडी ओढली की झालं. गाडीला गोधडी नसते. आमची गाडी म्हणजे ट्रक. कापसाच्या हंगामात ती खामगावला जिनिंगच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत रात्र रात्र उभी राहायची. वरून दव पडायचं, अंगावर दिवसभराची धूळ असायची, आणि दोन्हींचा मिळून जो लेप बसायचा तो सकाळच्या उन्हात असा कडक वाळायचा, की फडक्याने ओढून काढावा तर रंगाचा पापुद्राही त्याच्याबरोबर निघायचा. रंग गेला की पत्रा उघडा, आणि पत्रा उघडा पडला की गंज. गंजलेली गाडी पाहिली की व्यापारी भाड्याला हात आखडता घ्यायचा, जसा काही कापूस पत्र्यात भरायचा होता.

म्हणून दरवर्षी नवरात्रात, दसऱ्याच्या पूजेच्या आधी, आम्ही दोघं भाऊ गाडी नदीवर नेऊन धुवायचो आणि तिला मेण लावायचो. घरात त्याला मेणाचा दिवस म्हणत. पोळ्याला बैल, तशी नवरात्रात गाडी. लोकांना वाटायचं, काय हौस आहे दोघांना. हौस दादाची. मला तो दिवस नकोसा व्हायचा. सकाळपासून पाण्यात उभं राहायचं, दुपारभर हात घासायचे, संध्याकाळी खांदे असे भरून यायचे की ताटातली भाकर मोडताना कळ निघे. आणि इतकं करून मिळायचं काय, तर तीच गाडी, तोच रस्ता आणि पुढचे चार-पाच महिने तेच हाल.

तेव्हा महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. राज्य नवं होतं, रस्ते जुनेच होते. दादा तरुणपणी दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला, आणि पैसा जोडून जोडून त्याने ही जुनी गाडी घेतली. घेतली त्या दिवशीच मला शेजारी बसवलं. मला कोणी विचारलं नाही, मीही काही बोललो नाही. थोरल्या भावाने गाडी घेतली म्हणजे धाकट्याने शेजारी बसायचं, हे आमच्या घरात सांगावं लागत नसे. त्याच्या अंगाला डिझेलचा वास लागला की तो खूश असायचा. मला त्या वासाने जेवण जात नसे.

मेणाची अक्कलही आम्हाला सुरुवातीपासून नव्हती. पहिल्या वर्षी आम्ही गाडीला जवसाचं तेल लावलं होतं. आमच्याकडे लाकडाला, चामड्याला, बंडीच्या चाकाला, जे काही टिकावं असं वाटतं त्याला जवसाचं तेल चोपडतात. पोळ्याला बैलाच्या शिंगांना तेल लावून आम्ही मोठे झालो, तेव्हा गाडीच्या पत्र्याला दुसरं काही लावायचं असतं हे आमच्या डोक्यात येणार कुठून? दादाने बाटलीभर तेल मुरवून मुरवून लावलं. गाडी दोन दिवस अशी चमकली की शाळेतली पोरं तिच्यात तोंड पाहायला यायची. मग कापूस भरायला गेलो. जवसाचं तेल वाळता वाळता चिकट होतं. वाऱ्याने उडालेला कापसाचा प्रत्येक तंतू येऊन गाडीला बसला. बोनटाला बसला, दारांना बसला, मडगार्डला बसला, आणि काही केल्या निघेना. जिनिंगला पोहोचलो तेव्हा गाडीला पांढरी लव आली होती. फाटकावरच्या हमालांनी ‘मेंढी आली, मेंढी आली’ म्हणून गाडी आत घेतली. त्या हंगामात आमचं नाव कोणी विचारलं नाही, सगळीकडे मेंढीवालेच झालो.

आमच्या गल्लीत एक पिंजारीचाचा होते, गाद्या भरून द्यायचे. गाडी परत आली तेव्हा ते ओट्यावरून उतरून आले, गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली, बोटाने थोडा कापूस उचलून पाहिला आणि अगदी धंद्याच्या आवाजात दादाला म्हणाले, “लाव बावा दुकानापाशी. पिंजून देतो. दोन गाद्या तं आरामात भरतीन.”

दादा आठवडाभर त्यांच्या दारावरून गेला नाही. पण मेणाची गोष्ट चाचांनीच सांगितली. त्यांचे साडू चिखलीला सुतारकाम करायचे आणि कपाटांना मधमाशांचं मेण टर्पेंटाइनमध्ये कालवून लावायचे. मेण चिकटत नाही, पाणी धरत नाही, धूळ फडक्याने झटकली की जाते. तेव्हापासून आम्ही तेच धरलं. संत्री भरायला सोनाळ्याकडे गेलो की सातपुड्यातून मध उतरवून आणणाऱ्यांकडून मेणाचे काळपट गोळे घेऊन यायचो. वहिनी ते गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायची, जुन्या लुगड्याच्या धडप्यातून गाळायची. मग भांडं चुलीपासून दूर अंगणात आणून दादा त्यात टर्पेंटाइन ओतायचा आणि आम्हा सगळ्यांना लांब उभं करायचा, जसा काही सुरुंग लावतोय. थंड झालं की ते तुपासारखं थिजायचं. वहिनी म्हणायची, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या डोरल्याला कधी कोणी असं पुसलं नाही. दादा म्हणायचा, तुझं डोरलं कुठं जिनिंगच्या फाटकावर उघड्यावर झोपते? वहिनीकडे यावर उत्तर नसायचं असं नाही, पण ती ते चुलीला सांगायची.

ज्या वर्षाचं मला सांगायचं आहे त्या वर्षी मी पोळ्याच्या सुमाराला दादाला स्पष्ट सांगून टाकलं होतं, की ही दिवाळी झाली की मी गाडीवर येणार नाही. आमचं विहिरीजवळचं वावर होतं. वडील गेल्यापासून ते दुसऱ्याला बटाईने दिलेलं होतं. पाणी चांगलं, जमीन काळी. मला तिथे भाजीपाला करायचा होता. वांगी, मिरच्या, थंडीत मेथी, कोथिंबीर. मला रोज रात्री घरी झोपायचं होतं. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि बायकोला दिवस गेले होते. मी किती थकलो होतो ते आज लिहूनही कळणार नाही. तब्येत धडधाकट होती, त्यामुळे थकलो म्हणायचीही चोरी. पण गाडीचं इंजिन सुरू झालं की मी कानाला उपरणं गुंडाळून घ्यायचो. रात्रभर पोत्यांवर पडून, सकाळी तोंडात धूळ घेऊन उठून, पुन्हा हँडल मारायला जाताना वाटायचं, आपण माणूस नाही, गाडीचाच एखादा पार्ट आहोत, आणि तोही झिजलेला.

मला वाटलं होतं दादा चिडेल. त्याने विडी विझवली आणि म्हणाला, हाव, जा. मी दुसरा माणूस पाहतो. बटाईवाल्यालाही त्याने त्याच आठवड्यात निरोप दिला, की यंदा वावर आम्ही करू. इतक्या सोप्या रीतीने सुटलो यावरच माझा विश्वास बसेना. मी बायकोला सांगितलं. तिने लगेच कोणत्या कोपऱ्यात मेथी आणि कुठे कोथिंबीर ते ठरवून टाकलं.

तर त्या वर्षीचा मेणाचा दिवस माझा शेवटचा होता. त्यामुळे सकाळी मी जरा उत्साहात उठलो, जसा शिक्षा संपत आलेला माणूस शेवटच्या दिवशी खडी फोडताना हात जरा हलका मारतो. गाडी नदीत उतरवली. पावसाळा नुकताच सरला होता, पाणी नितळ होतं आणि घोट्याच्या वर. रिठे रात्री भिजत घातले होते, त्याचा फेस करून आम्ही गाडी घासायला लागलो. सोडा लावायचा नाही हा दादाचा नियम. सोड्याने मळ जातो, रंगही जातो. वरच्या बाजूला बायका कपडे धूत होत्या आणि आमच्या डिझेलचा ओघळ खाली जातोय ना, वर येत नाही ना, हे मधून मधून वाकून पाहत होत्या.

डावी बाजू दादाने धुतली, उजवी मी. नंतर मी पलीकडे गेलो तर मडगार्डच्या बाहेरच्या अंगाला चिखल तसाच. दादाला दाखवला. तो म्हणाला, राह्यला असन, आणि हाताने चाचपून काढून टाकला. मला वाटलं, थकला असेल. वय तसं फार नव्हतं, पण इतकी वर्षं सतत गाडीवर काढल्यावर वय कोण मोजतो.

दुपारी गाडी चिंचेच्या सावलीत लावली. मेण उन्हात लावत नाहीत. पत्रा गरम असला की ते लगेच वाळून डाग धरतं. पत्रा गार झाला तोवर आम्ही भाकर खाल्ली. बायकोने वांग्याचं भरीत दिलं होतं. मी दादाला म्हटलं, पुढच्या वर्षी आपल्या वावरातल्या वांग्यांचं असेल. तो नुसता हसला.

मेण लावायची रीत अशी. फडक्यावर बोटभर घ्यायचं, पातळ लावायचं, गोल गोल फिरवायचं. मग थांबायचं. थोड्या वेळाने ते वाळतं आणि सगळ्या पत्र्यावर पांढुरकी साय येते. ती साय आली की मऊ जुन्या धोतराने रगडून पुसायची. पुसली तिथे रंग उघडतो, आरशासारखा. पुसायचं राहिलं तिथे पांढरं राहतं. त्यात लपवाछपवी चालत नाही. कोणी कुठे आळस केला ते दहा पावलांवरून दिसतं. बोनट दादा कोणाला करू देत नसे. दारं, मागचा हौदा, मडगार्ड माझ्याकडे असायचे, बोनट त्याचं.

माझं दार व्हायच्या आधी त्याचं बोनट झालं. तो दोन पावलं मागे सरकला, धोतराचा बोळा खांद्यावर टाकला, कमरेवर हात ठेवले आणि समाधानाने म्हणाला, पाहा, कसं झालं. मी वळून पाहिलं. बोनटाचा मधला भाग लखलखत होता. चिंचेची पानं त्यात मोजता आली असती. आणि दोन्ही बाजूंना, हातभर रुंद, पांढरी साय तशीच. डावीकडेही, उजवीकडेही. कपाळावर भांग पाडून बाकी डोकं विंचरायचं राहून गेलं असावं तसं.

मला हसू आलं. मी म्हटलं, “आन् कडा कोण पुसीन?”

“कोनत्या कडा?” तो म्हणाला.

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. तो बोनटाकडेच पाहत होता. मग त्याने हळूहळू मान डावीकडे वळवली, नुसते डोळे नाही, खांद्यासकट सगळी मान, आणि तेव्हा त्याला ती पांढरी पट्टी दिसली. मग तशीच मान उजवीकडे. दोन्ही पाहून झाल्यावर तो फडकं घेऊन पुढे गेला आणि डावी कड पुसायला लागला, आणि मी पाहिलं की त्याचा दुसरा हात फडक्याच्या पुढे पुढे पत्रा चाचपत चालला होता.

मग मला एकेक आठवायला लागलं. उन्हाळ्यात दुसरबीडच्या रस्त्याला आमच्या मागच्या चाकाजवळची फळी एका बंडीच्या चाकाच्या तुंब्याला घासली होती. बंडीवाल्याने शिव्या दिल्या आणि दादाने त्याला उलट एक शब्द दिला नव्हता. तेव्हा मला नवल वाटलं होतं, कारण शिव्या परत देण्यात दादा कधी उधारी ठेवत नसे. हल्ली समोरून काहीही आलं की तो गाडी थेट थांबवायचा. पूल आला की मला म्हणायचा, जरा डोकं बाहेर काढून पाह्य बरं. मला वाटायचं, वय वाढलं तसा सावध झाला. आम्ही घाट उतरायचो, एका बाजूला दरी असायची, आणि मी शेजारी बसून डुलक्या काढायचो.

मी माझं फडकं खाली टाकलं. आणि मग राग आला. इतका राग मला त्याचा कधी आला नव्हता. मी त्याच्या हातातलं फडकं ओढलं आणि विचारलं की हे कधीपासून आहे. त्याने आधी टाळलं. मग म्हणाला, मागच्या हिवाळ्यापासून. गाडीचे कमानपाटे आणायला अकोल्याला गेलो होतो ना, तेव्हा डोळ्याच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला की मोतीबिंदू असता तर काढून दिला असता. हे आतल्या नसेचं आहे. गेलं ते परत येत नाही, आणि राहिलेलंही हळूहळू बाजूने कमी होत जाणार. औषध घालत राहायचं. गाडी चालवू नका, हेही त्याने सांगितलं होतं.

“मले समोरचं दिसते,” दादा म्हणाला. “बाजूचं नाई दिसत.”

रस्त्यावर बाजूलाच सगळं असतं. बंड्या बाजूला, ढोरं बाजूला, शाळेतली पोरं बाजूला, दरी बाजूला. हे मी त्याला ओरडून सांगितलं. थोरल्या भावाशी मी त्या आवाजात कधी बोललो नव्हतो. मी म्हणालो की तुला ताठा आहे, स्टेअरिंग सोडवत नाही, त्या ताठ्यापायी एखाद्याचं लेकरू चाकाखाली घेतलं असतंस. मी मेलो असतो, माझ्या बायकोच्या पोटातलं बिनबापाचं झालं असतं. जे तोंडाला येईल ते बोललो. तो चिंचेच्या मुळीवर बसून ऐकत होता. माझी दमछाक झाली तेव्हा मी विचारलं, “तू मले सांगतलं काऊन नाही?”

त्याने हातावरचं मेण धोतराच्या सोग्याला पुसलं. मग खाली पाहत म्हणाला, “तुले वावरात जायचं होतं ना बे. मी गाडी सोडली असती, तं तुले सोडता आली नसती. म्हून म्हतलं, याले एकडाव जाऊ देऊ. हा हंगाम कसाबसा रेटून नेतो. मंग पाहू.”

पोळ्याच्या सुमाराला त्याने जे हाव म्हटलं होतं, ते मला तेव्हा सहज वाटलं होतं.

त्याचं चुकलंच होतं. आजही मी तेच म्हणेन. स्वतःच्या भावाला सोडवायला दुसऱ्यांच्या लेकरांचा जीव टांगणीला लावायचा हक्क त्याला कोणी दिला नव्हता. पण त्या घटकेला मला तेवढा मोठा विचार सुचला नाही. मला इतकंच कळलं की माझं वावर गेलं. एका वाक्यात गेलं. गाडीच्या भाड्यावर दोन घरं चालत होती, दुसरा ड्रायव्हर ठेवून काही उरण्यासारखं नव्हतं, आणि ज्याच्यासाठी हा माणूस आंधळ्यासारखा घाट उतरायला तयार झाला होता, तो त्याला असा टाकून मेथी पेरायला जाणार कसा? मला रडू आलं. दादाला वाटलं मी त्याच्या डोळ्यांसाठी रडतोय. तो उठून आला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, समोरचं दिसते बे अजून, घाबरू नोको. मी त्याला खरं सांगितलं नाही. थोडं तेही होतंच त्या रडण्यात, पण थोडंच.

मग काय, काम अर्धवट होतं. वाळलेलं मेण फार वेळ ठेवलं तर दगड होतं. मी फडकं उचललं आणि बोनटाच्या कडा पुसल्या. तो बाजूला उभा राहून, मान वळवून वळवून पाहत होता.

संध्याकाळी घरी त्यानेच सगळ्यांना सांगितलं. वहिनी आत जाऊन कणगीत किती ज्वारी उरली ते पाहून आली. माझ्या बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मेथीचं बियाणं बांधून ठेवलेली पुरचुंडी फडताळात मागे सरकवली. दसऱ्याला गाडीला झेंडूचं तोरण बांधलं. पूजा दादाने केली. नारळ मी फोडला, कारण चाकाशेजारचा दगड त्याला दिसेना.

गाडी चालवायला मी दादाकडूनच शिकलो होतो. दिवाळीनंतर, कापूस सुरू झाला तसा, मी स्टेअरिंगवर बसलो. वावर परत बटाईने द्यायचं म्हणून मी बटाईवाल्याकडे जायला निघालो, तर दादा म्हणाला, राहू दे, मी करतो. मला वाटलं, बोलण्यापुरतं बोलतोय. त्याने आयुष्यात कुदळ धरली नव्हती. पण तो गेला. विहिरीपासून पाण्याचे दांड पाडले, वहिनीला बरोबर घेतलं, माझ्या बायकोला विचारून विचारून तिने ठरवलेल्या कोपऱ्यातच मेथी टाकली. वावरात समोरचं दिसलं की पुरतं. वाफा समोर असतो, रोप समोर असतं. तिथे बाजूने कोणी येऊन आदळत नाही.

मी गाडीवर थकत होतो, तो वावरात थकत होता. मला तर सवय होती. त्याचे तळहात फुटले. चिखलात उभं राहून त्याच्या पायांना खाज सुटायची. संध्याकाळी रस्त्यावरून कोणाचीही गाडी गेली की तो काम थांबवून इंजिन ऐकत राहतो, असं वहिनी सांगायची. आणि वांगी अशी लागली की विचारू नका. काळीभोर, तुकतुकीत, मुठीत न मावणारी. मी फाट्यावर गाडी थांबवायचो तेव्हा माळणी म्हणायच्या, तुमच्या वावरातली वांगी काय आहेत हो या वर्षी. मला तो मालही पाहवत नव्हता आणि खाल्ल्याशिवायही राहवत नव्हतं. माझ्या मुलीला पहिलं ऊन दाखवलं ते त्या वावरात, दादाच्या हातावर. मी तेव्हा जिनिंगच्या रांगेत होतो. दोघांनीही एकमेकांचं आयुष्य उचललं होतं आणि दोघांच्याही अंगाला ते नीट बसत नव्हतं. पण खाली ठेवायला जागा नव्हती.

पुढच्या नवरात्रात, गाडी आदल्या दिवशी धुऊन झाल्यावर, मी कालवलेल्या मेणाचं भांडं बाहेर काढलं तेव्हा दादा वावरात जायच्या तयारीत होता. खांद्यावर फावडं होतं. मला पाहून थांबला. मग फावडं माझ्या हातात दिलं.

“दांडाले पानी सोडलं आहे,” म्हणाला. “मिरचीच्या वाफ्यात न्यायचं आहे. तू जा. गाडी मी करतो.”

मी म्हटलं, एकट्याने होणार नाही. तो म्हणाला, होते. बोटाला कळते. मेण राहिलं की बोट अडखळते, पुसलं की घसरते. डोळे कायले पाहिजेत त्याले? आणि मी आणखी काही बोलायच्या आत त्याने भांडं उचललं आणि गाडी लावली होती तिकडे गेला. पिंजारीचाचा ओट्यावरून त्याला म्हणाले, काय भाऊ, यंदा किती गाद्या? तो मोठ्याने हसला. त्याला हसताना मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

मी वावरात गेलो. चपला वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी काढल्या. पाणी गार होतं आणि पायाच्या बोटांमधून चिखल वर येत होता. एका वाफ्याचं तोंड बांधायचं, दुसऱ्याचं फोडायचं. पाणी आत शिरताना भेगांमधून बुडबुडे येतात, ते पाहत मी इतका वेळ उभा राहिलो की एक वाफा फुटून वाहून गेला. तोही मी पुन्हा बांधला. दुपारी बायको मुलीला घेऊन भाकर घेऊन आली. आम्ही विहिरीवर बसून जेवलो. मी कसलंच इंजिन ऐकलं नाही.

दिवस मावळताना घरी आलो. दादा अंगणात पाय पसरून बसला होता. खांदे पडलेले, बोटं मेणाने पिवळी. मीही त्याच्या शेजारी तसाच बसलो, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. त्यानंतर जोवर गाडी आमच्याकडे होती तोवर आम्ही हे असंच चालवलं, वर्षातून तेवढा एक दिवस. त्या पहिल्या संध्याकाळी वहिनी चहा घेऊन आली, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, “लय थकले का हो दोघं?”

दोघंही एकदम नाही म्हणालो. आणि ते खरं होतं.